अनोळखी नावाचा टायर: कारखाना कुठला आणि दर्जा कसा, हे कसे ओळखावे?

राजारामपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या गाडीचे चारही टायर बदलण्याची वेळ आली आहे. गाडी २०१८ सालची हॅचबॅक असून मूळ टायरचे माप १८५/६५ आर १५ आणि त्यापुढे भार व वेगाची मर्यादा सांगणारे ८८ एच असे आहे. बावन्न हजार किलोमीटर झाले आहेत. पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी खाचांमधल्या झीजदर्शक उंचवट्यांना टेकली आहे, म्हणजे १.६ मिलिमीटरची मर्यादा आलीच आहे. पावसाळ्याआधी काम उरकायचे आहे, कारण आमचे मूळ गाव वैभववाडीजवळ असल्याने महिन्यातून दोनदा तरी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरावा लागतो आणि गाडीत बहुतेक वेळा माझी वयस्कर आई असते.

महामार्गालगतच्या एका दुकानात मला याच मापाचा, पण मी पूर्वी कधीही न ऐकलेल्या नावाचा टायर दाखवण्यात आला. ओळखीच्या कंपनीचा टायर साडेपाच हजारांच्या पुढे आहे, तर हा साडेतीन हजारांत मिळतो. चार टायरांमागे आठ हजारांचा फरक पडतो आणि तो माझ्यासारख्या पगारदार माणसाला लहान नाही. नाव ऐकायला युरोपीय वाटते. दुकानदाराने ‘जर्मन कंपनी आहे, साहेब, डोळे मिटून घ्या’ असे सांगितले, मात्र कंपनीचा पत्ता विचारल्यावर त्याला काही सांगता आले नाही. ब्रँडचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण टायर चांगला असल्यास उगाच त्याची बदनामी होऊ नये आणि वाईट असल्यास मी अजून तो वापरलेला नाही.

टायरच्या भिंतीवर, म्हणजे बाजूच्या भागावर, मी जे वाचले ते असे: आयएसआयची खूण, तिच्यासोबत आयएस १५६३३ आणि सीएम/एल असे लिहून पुढे काही आकडे; एका वर्तुळात ई आणि ४; डीओटी आणि त्यापुढे काही अक्षरे. दुकानदार म्हणतो की वर्तुळातला ई हीच युरोपात बनल्याची खूण. हे खरे आहे का? टायर नेमका कोणी आणि कुठे बनवला, हे ग्राहकाला स्वतः शोधता येते का? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या नावाची कोणतीही ख्याती नाही त्याचा दर्जा पैसे देण्याआधी कसा जोखावा?

शिरोली फाउंड्री

आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत, असे मला वाटते. टायर कुठे बनला, याचे उत्तर बहुतेक वेळा पक्के मिळते. टायर कसा आहे, याचे उत्तर अर्धवटच मिळते. लोक पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर ठरवतात आणि तेथेच फसतात.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, ग्राहक कंपनीचे नाव उठावदार अक्षरांत असते आणि ते ज्या यंत्रात बसते त्याच्या मालकाला शिरोलीचे नावही ठाऊक नसते. मात्र त्याच कास्टिंगच्या कोपऱ्यात हीट नंबर असतो. उद्या तक्रार आली तर त्या नंबरावरून कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतून तो धातू ओतला, त्यात कार्बन आणि सिलिकॉन किती होते, हे दहा मिनिटांत काढता येते. नाव ग्राहकाचे असते, नंबर आमचा असतो. टायरचेही तसेच आहे, म्हणून भिंतीवरचे मोठे नाव सोडून बारीक नंबर वाचायला शिकले पाहिजे.

नावावरून देश ओळखणे तर आता जवळजवळ निरर्थक झाले आहे. आपल्याला अगदी घरचे वाटणारे सिएट हे नाव मूळचे इटलीतील तुरीन शहराचे; तेथे १९२४ साली कंपनी स्थापन झाली, १९५८ साली ती भारतात आली आणि १९८२ पासून ती भारतीय उद्योगसमूहाच्या ताब्यात आहे. व्हरेडस्टाइन हे जुने डच नाव २००९ पासून आपल्या अपोलोचे आहे. इटलीच्या पिरेलीत २०१५ साली चिनी सरकारी कंपनीने मोठा वाटा घेतला. डनलॉप हे एकच नाव तर कित्येक वर्षे युरोपात एका कंपनीकडे, जपानात दुसरीकडे आणि भारतात तिसरीकडे होते. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे ते नाव महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांशी कायद्याने बांधले गेले. टायरच्या नावाला असा कोणताही बांध नाही. कोणीही कानाला जर्मन वाटेल असे नाव नोंदवू शकतो आणि टायर दुसऱ्याच देशातल्या कारखान्याकडून बनवून घेऊ शकतो. त्यात बेकायदा असे काही नाही, पण ‘जर्मन कंपनी’ म्हणून विकणे ही मात्र दिशाभूल आहे.

आता आपण वाचलेल्या खुणांकडे वळतो. वर्तुळातला ई म्हणजे युरोपात बनलेला टायर नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमांप्रमाणे तो प्रकार मंजूर झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेजारचा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो. १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ३ म्हणजे इटली आणि ४ म्हणजे नेदरलँड्स. म्हणजे दुकानदाराचे म्हणणे त्याच्याच पुराव्याने खोटे ठरते, कारण आपल्या टायरवरील ४ हा आकडा जर्मनीचा नाहीच. मंजुरी डच असून कारखाना आशियातील असणे ही नित्याची गोष्ट आहे. तरीही ही खूण निरुपयोगी समजू नये. तिच्याजवळच्या मंजुरी क्रमांकाच्या शेवटी एस, डब्ल्यू, आर अशी अक्षरे आहेत का, ते पाहावे. एस म्हणजे आवाज, डब्ल्यू म्हणजे ओल्या रस्त्यावरील पकड आणि आर म्हणजे घरंगळताना होणारा विरोध. यांपैकी डब्ल्यू असेल तर त्या प्रकारच्या टायरने ओल्या पकडीची किमान चाचणी पार केलेली आहे. किमान म्हणजे उत्तम नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ आहे.

आयएसआयची खूण आपल्या दृष्टीने सर्वांत कामाची आहे. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर भारतात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या टायरांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन सक्तीचे झाले आणि मोटारींच्या टायरांसाठीचे मानक म्हणजेच आयएस १५६३३. येथेही एक गैरसमज दूर करायला हवा. आयएसआय म्हणजे भारतात बनलेला टायर, असे नाही, कारण परदेशी कारखान्यांनाही ब्युरो परवाना देते. मात्र परवाना ब्रँडला नव्हे, तर विशिष्ट जागेवरच्या विशिष्ट कारखान्याला मिळतो आणि सीएम/एल पुढचे आकडे म्हणजे त्या परवान्याचा क्रमांक. ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ नावाचे मोफत ॲप मोबाइलवर घ्यावे आणि त्यात हा क्रमांक घालावा. परवानाधारकाचे नाव आणि पत्ता समोर येतो, शिवाय परवाना चालू आहे की संपला, हेही कळते. क्रमांक सापडलाच नाही किंवा तो दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर पुढे काही पाहण्याची गरज नाही.

कोणी बारकोडचे ८९० हे आकडे दाखवून भारतीय माल असल्याचे सांगेल. ते आकडे बारकोड कोणत्या देशातील संस्थेकडे नोंदवला एवढेच सांगतात, माल कुठे तयार झाला ते सांगत नाहीत.

शेवटी डीओटी. ही अमेरिकेची पद्धत असली, तरी जगभरचे कारखाने ती छापतात. डीओटीनंतरची पहिली दोन किंवा तीन चिन्हे कारखान्याची ओळख असतात आणि त्यांचा शोध अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर घेता येतो. अखेरचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आपण लिहिलेल्या माहितीत हे चार आकडे नाहीत. ते राहून गेले असतील, किंवा आपण टायरची एकच बाजू पाहिली असेल. पूर्ण क्रमांक पुष्कळदा एकाच भिंतीवर असतो आणि दुसऱ्या भिंतीवर तो तारखेशिवाय अपुरा असतो. तेव्हा टायर उलटून पाहावा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण १२ जून २०२० रोजी केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ गटातून काढून ‘निर्बंधित’ गटात टाकली. त्यानंतर आयातीसाठी परवाना लागू लागला आणि अनेक लहान परदेशी ब्रँडांचा ओघ आटला. आज एखाद्या दुकानात असा टायर भलताच स्वस्त मिळत असेल, तर तो त्याआधीचा पडून राहिलेला माल तर नाही ना, हा पहिला संशय मला येईल.

लक्ष्मीपुरीतला टायरवाला

मी स्वतः टायर विकतो, हे आधीच सांगतो, म्हणजे माझे म्हणणे वाचणाऱ्यांनी ते लक्षात ठेवूनच वाचावे. बावीस वर्षे या धंद्यात आहे. कमी ओळखीचे ब्रँड मीही विकले आहेत आणि त्यातले काही खरोखरच चांगले होते.

शिरोलीच्या दादांनी उगमाबद्दल लिहिले, मी दर्जाबद्दल लिहितो. अनोळखी नाव दोन तऱ्हेचे असते. एक तऱ्हा म्हणजे मोठ्या कंपनीचा दुसरा ब्रँड. मिशेलिनचे टायगार आणि कॉर्मोरान, कॉन्टिनेंटलचे बारुम, हँकुकचे लॉफेन ही अशी नावे आहेत. आपल्याकडचे विक्रांत हे म्हैसूरचे नाव १९९७ पासून जेके टायरकडे आहे. अशा टायरांमागे मोठ्या कंपनीची प्रयोगशाळा आणि तिची अब्रू असते. रबराचे मिश्रण किंवा नक्षी एखाद्या पिढीने जुनी असेल, पण काम चोख असते. दुसरी तऱ्हा म्हणजे केवळ व्यापाऱ्याचे नाव. कारखाना आज हा, उद्या तो. गेल्या वर्षी चांगला निघालेला टायर यंदाही तसाच असेल, याची खात्री त्या नावावरून देता येत नाही. म्हणूनच परवान्यावरचा पत्ता महत्त्वाचा.

ग्राहक दुकानात येऊन टायरला अंगठ्याचे नख रोवून पाहतात, वास घेतात, रबराचे बारीक केस मोजतात. ते केस साच्यातल्या हवेच्या छिद्रांत शिरलेल्या रबराचे असतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही. नखाने मऊपणा कळत नाही, आणि कळला तरी मऊ म्हणजे चांगले असे ठरत नाही. त्यापेक्षा भिंतीवरची ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) आणि साइडवॉल (भिंत) ही ओळ वाचा. ट्रेडखाली पॉलिएस्टरचे किती, पोलादाचे किती आणि नायलॉनचे किती थर आहेत, हे तेथे छापलेले असते. पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा थर असेल, तर वेगात आणि उन्हात टायर आपला आकार अधिक चांगला धरून ठेवतो.

ट्रेडवेअर म्हणून छापलेल्या, टायर किती टिकेल ते सांगणाऱ्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. तो आकडा कारखाना स्वतःच्या चाचणीवरून स्वतःच जाहीर करतो, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ४०० यांची सरळ तुलना होत नाही. त्याच ओळीतल्या ट्रॅक्शनला (ओल्या रस्त्यावरची पकड) डबल ए किंवा ए आणि टेंपरेचरला (उष्णता सोसण्याची क्षमता) ए असेल तर बरे.

खरी परीक्षा होते ती बॅलन्सिंगच्या यंत्रावर, आणि तेथे ग्राहकाने आमच्या शेजारी उभे राहावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. टायर रिमवर चढवून फिरवला की यंत्र किती ग्रॅम वजन कुठे लावायचे ते दाखवते. चांगला टायर दहा, पंधरा, वीस ग्रॅमवर शांत होतो. यंत्र साठसत्तर ग्रॅम मागू लागले, तर आम्ही टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा पाहतो, कारण दोष कधी रिमचाही असतो. तरीही आकडा खाली आला नाही, तर टायरची घडणच असमान आहे. फिरत्या टायरच्या नक्षीजवळ पेनाचे टोक स्थिर धरले की तो वरखाली नाचतो का, हेही डोळ्यांना दिसते. असा टायर मी त्याच जागी उतरवून परत ठेवतो. चारांपैकी एकच असा निघाला तर समजू शकतो. चारांपैकी तीन असे निघाले, तर त्या कारखान्याच्या हाताला शिस्त नाही.

भिंतीवर कधीकधी उभी, किंचित खोलगट रेघ दिसते आणि ग्राहक घाबरतात. कापडाचे थर एकमेकांवर जोडलेल्या ठिकाणी ती येते आणि निर्धोक असते. त्याउलट भिंतीवर फुगा असेल, कितीही लहान, तर आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. हमी कोण देणार, हे लेखी विचारा. ओळखीच्या कंपनीत उत्पादनदोष मान्य झाला, तर उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात भरपाई मिळते, कारण तिचा माणूस कोल्हापुरात येऊन टायर तपासतो. ज्या ब्रँडचा आयातदारच उरला नाही, त्याची तक्रार कोणाकडे करणार? बिलावर ब्रँड, माप आणि चारही टायरांचे तारखेसह क्रमांक लिहून मागा. जो दुकानदार हे लिहायला कांकू करतो, तो आमच्यातला असला तरी त्याच्याकडून टायर घेऊ नका.

फुलेवाडी नाका

माझा अनुभव लिहितो, कारण रस्ता तुमचाच आहे. मी नोकरीसाठी रोज गगनबावड्याच्या रस्त्याला असतो. सहा वर्षांपूर्वी मीही एक अनोळखी टायर घेतला होता, किंमत पाहून. आयएसआय होते, तारीख ताजी होती, बॅलन्सिंगला काही अडचण आली नाही. उन्हाळ्यात गाडी सुरेख चालली. वीस हजार किलोमीटर झाले तरी नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती आणि मी चार लोकांना तोच टायर घ्यायला सांगितले, याची मला आजही खंत वाटते.

जुलैमधली गोष्ट. भातरोपांच्या लावणीचे दिवस असल्याने चिखलणी करून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा गारा रस्त्यावर पडला होता आणि वरून बारीक पाऊस चालू होता. कळे गावाच्या अलीकडे पुढची जीप थांबली. माझा वेग पन्नासच्या आसपास असेल. ब्रेक दाबताच पायाखाली एबीएसची, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर सुरू झाली, पण गाडी थांबेना. ती सरळ सरकत गेली. जीपच्या मागच्या दाराचा गंजलेला कब्जा मला अजूनही डोळ्यांपुढे दिसतो, इतक्या जवळ ती आली. मी स्टिअरिंग डावीकडे वळवले आणि गाडी साइडपट्टीच्या चिखलात रुतून थांबली. कोणालाही लागले नाही.

नंतर एका जाणकाराने समजावले तेव्हा कळले की जे मला टायरचे वैशिष्ट्य वाटत होते तोच त्याचा दोष होता. रबर कठीण ठेवले की टायर झिजत नाही, पण ओल्या डांबराच्या बारीक खाचखळग्यांत ते रुतत नाही. मिश्रणात नुसत्या काजळीऐवजी सिलिका घातली, तर ओली पकड आणि इंधनाची बचत या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. मिशेलिनने १९९२ मध्ये असे टायर बाजारात आणले आणि नंतर सर्वांनी तो मार्ग धरला. पण सिलिका रबरात नीट मिसळण्यासाठी वेगळे रसायन आणि काटेकोर प्रक्रिया लागते, म्हणजे खर्च आला. स्वस्त टायरमध्ये कात्री लागते ती बहुधा येथे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, कोरड्या रस्त्यावर तर मुळीच कळत नाही.

तुम्ही घेत असलेला टायर युरोपातही विकला जात असेल, तर त्याचे तिकडचे लेबल इंटरनेटवर शोधा. त्यावर ओल्या पकडीची श्रेणी असते. जुन्या लेबलपद्धतीत ए आणि एफ या श्रेणींत ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबताना १८ मीटरपर्यंत फरक पडतो, असे सांगितले जाई. १८ मीटर म्हणजे आपल्या साध्या चार गाड्या एकापुढे एक उभ्या करून होणारे अंतर. करूळ घाटातल्या एखाद्या वळणावर ते अंतर नजरेने मोजून पाहा. आपल्या देशातही जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने ओली पकड, घरंगळविरोध आणि आवाज यांच्या किमान मर्यादा टायरांना लागू करणारी अधिसूचना काढली. म्हणून माझे मत असे की त्यानंतर बनलेला टायरच घ्यावा, मग नाव ओळखीचे असो वा नसो.

आठ हजार रुपये वाचवू नका, असे मी म्हणणार नाही. फक्त शहरातल्या शहरात फिरणाऱ्या माणसाला मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता. तुमच्या घाटासाठी मात्र ओल्या पकडीचा पुरावा असल्याशिवाय टायर घेऊ नका, एवढेच कळकळीने सांगतो.

राजारामपुरीकर

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी पुन्हा त्या दुकानात गेलो होतो. जे आढळले ते लिहितो.

सीएम/एल क्रमांक ॲपमध्ये घातला. परवाना चीनमधील एका कारखान्याच्या नावाने निघाला. दुकानदाराला मोबाइल दाखवला, तेव्हा त्याने ‘मालक जर्मन, कारखाना चायना’ असे सांगायला सुरुवात केली. मी वाद घातला नाही. चीनमधला कारखाना म्हणून टायर वाईट, असे माझे म्हणणे नाही. मोठमोठ्या मोटार कंपन्या तेथल्या कारखान्यांचे टायर घेतात, हे मला ठाऊक आहे. त्याच टायरच्या काठाजवळ, रिमला टेकते त्या भागात, ‘मेड इन चायना’ ही अक्षरे होती. पहिल्या दिवशी ती माझ्या नजरेतून सुटली होती, कारण टायर एकावर एक रचलेले होते आणि मी फक्त मधल्या भिंतीवर नजर फिरवली होती.

मग टायर उलटायला सांगितला. चार आकडे होते १११९. म्हणजे २०१९ सालच्या मार्च महिन्यातला टायर. दुसऱ्या टायरवरही १११९, तिसऱ्यावर ०९१९. चौथा टायर त्याने वरून काढलाच नाही. गोदामाला पत्र्याचे छप्पर आहे आणि टायरांची रास त्या पत्र्याखालीच, अगदी माळ्यावर होती. भिंतीला तेलकट चकाकी होती, पण नक्षीच्या खोबणीत बोट फिरवल्यावर बारीक केसांसारख्या चिरा हाताला लागल्या. टॉर्चच्या उजेडात त्या स्पष्ट दिसल्या. बिलावर हे क्रमांक लिहून द्याल का, असे विचारल्यावर ‘असे कोणी लिहीत नाही’ हे उत्तर मिळाले. मी तेथून परत आलो.

आता एका मोठ्या कंपनीच्या दुसऱ्या ब्रँडचा टायर पाहून ठेवला आहे. तो साडेचार हजारांच्या आत बसतो, परवान्यावरचा पत्ता भारतातला आहे, मंजुरी क्रमांकाच्या शेवटी डब्ल्यू आहे आणि दुकानात आलेला माल याच वर्षातला आहे. मात्र तेथे मला १८५/६५ ऐवजी १७५/६५ आर १५ ८४ टी घेण्याचाही सल्ला मिळाला, तो आणखी पाचशे रुपयांनी स्वस्त पडतो. तो घ्यावा का? आणि हात आखडता घेऊन सध्या दोनच टायर बदलले, तर ते पुढे लावावेत ना, कारण गाडीला ओढ पुढच्या चाकांची आहे आणि झीजही पुढचीच जास्त आहे?

शिरोली फाउंड्री

८४ टी मुळीच घेऊ नये. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, तर ८४ म्हणजे ५०० किलो. चार टायरांत २४० किलोंची क्षमता कमी होते. वेगाची मर्यादाही २१० वरून १९० वर येते. आपल्या रस्त्यांवर तिचा प्रश्न नाही, पण भाराचा आहे. गाडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी भारांकाचा टायर लावू नये. दार उघडल्यावर चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो, तो एकदा पाहून घ्यावा.

सहा वर्षांच्या टायरबद्दल आपण केले ते योग्यच केले. रबरातले मेण आणि ओझोनरोधक टायर चालताना, वाकताना हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि त्याला चिरांपासून वाचवतात. नुसता पडून राहिलेला टायर हे संरक्षण गमावतो आणि पत्र्याखालची उष्णता त्याचे वय आणखी वाढवते. वरून लावलेली चकाकी फक्त डोळ्यांसाठी असते.

लक्ष्मीपुरीतला टायरवाला

दोनच घेणार असाल, तर नवे टायर मागे लावा. हे ऐकून बरेच लोक माझ्याशी हुज्जत घालतात, पण पुढचे चाक सरकू लागले तर स्टिअरिंगमधून कळते आणि पाय उचलला की गाडी सावरता येते. मागचे चाक पाण्यावर तरंगले की गाडीची शेपूट फिरते आणि घाटात ती सावरायला जागा मिळत नाही. मागचे जे दोन टायर पुढे येतील, त्यांची नक्षी किमान तीन मिलिमीटर तरी उरलेली असावी. पाच रुपयांचे नाणे खाचेत घालून अंदाज बांधू नका, कोणत्याही टायरच्या दुकानात खोली मोजायचा गेज असतो, तो लावून घ्या. मागचेही दोन-अडीचवर आले असतील, तर यंदा चारही बदलणे बरे.

नव्या टायरांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो. पहिले दोनतीनशे किलोमीटर सावकाश चालवा आणि ते किलोमीटर घाटात घालवू नका.

राजारामपुरीकर

मागच्या टायरांची खोली मोजून घेतली. एकाची २.४ आणि दुसऱ्याची २.१ निघाली. म्हणून चारही बदलले.

बॅलन्सिंगच्या यंत्राशेजारी उभा राहिलो. तीन टायर पंचवीस ग्रॅमच्या आत बसले. चौथ्याला यंत्राने पंचावन्न दाखवले. तेथल्या मुलाने मी काही बोलण्याआधीच टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा चढवला, तेव्हा आकडा वीसवर आला. चारही टायरांचे क्रमांक मी ट्यूबलाइटखाली वाचून दाखवले आणि दुकानदाराने ते बिलावर लिहिले. दोन एका आठवड्यातले आणि दोन त्याच्या पुढच्या आठवड्यातले आहेत. उद्या सकाळी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणार आहे, गगनबावडा पंधरवड्यानंतर.